पाठीला आपला हात पोचत नाही

बाळंतिणीची पाठ कशी रगडावी हे मला अकराव्या वर्षीच माहीत होतं. मानेपासून सुरुवात करायची, दोन्ही अंगठे कण्याच्या दोन बाजूंना ठेवायचे आणि घाई न करता खाली कमरेपर्यंत यायचं. कण्यावर दाबायचं नाही. कमरेशी आलं की तळहात पसरून जरा थांबायचं, म्हणजे तेलाची ऊब आत मुरते. ही माझ्या आईची पद्धत. लालबागच्या आमच्या चाळीतल्या तिन्ही मजल्यांवरच्या बायकांना ती ठाऊक होती, कारण जवळजवळ प्रत्येकीच्या पाठीवरून आईचा हात फिरून गेला होता. आईच्या पाठीवरून मात्र तसा हात फिरला नाही. त्याचा दोष मी कधी आत्यावर ढकलला, कधी चाळीवर. आता आत्या गेली आणि चाळही पाडली, तेव्हा कोणाच्या आड लपायची सोय राहिलेली नाही. खरं काय ते लिहून टाकते.

आई गिरणीत, सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात होती. ती सुईण नव्हती, कोणाकडून काही घेत नव्हती. कामाची पाळी संपवून घरी यायची, केसांतला कापूस झटकायची, कपभर चहा घ्यायची आणि तेलाची वाटी घेऊन ज्या घरी बाळंतीण असेल तिथे जायची. तिचा हात मऊ होता, तोंड नाही. बाळंतिणींना ती अशी झापायची की त्यांच्या सासवाही गप्प बसत. "पोर झाला म्हणून तू संपलंस काय गो? आपण उपाशी आणि पोराक पाजतंस? दूध काय नळाक येता?" असं ती बोलायला लागली की ती मुलगी रडता रडता हसायची आणि समोरचा लाडू खायची. घरातली माणसं बाळाभोवती जमलेली असत. आई बाळाकडे ढुंकूनही न बघता आधी बाळंतिणीकडे जायची. बाळाला बघायला सगळा गाव असतो, असं तिचं म्हणणं.

आमच्याकडे सोयर दहा दिवसांचं. ते फिटेपर्यंत त्या घराला कोणी शिवत नसे, तिथलं पाणी पीत नसे. सगळ्यात जास्त दुखतं ते याच दहा दिवसांत, आणि नेमके तेच दहा दिवस बाई एकटी. आईला हे पटत नसे. ती सरळ आत जायची, बाळंतिणीचं अंग रगडून, न्हाऊ घालून, पोट घट्ट बांधून बाहेर यायची आणि नळावर डोक्यावरून पाणी घेऊन मगच आमच्या खोलीत पाऊल टाकायची. "विटाळ पाण्यान जाता गो," ती मला म्हणाली होती. "बाळंतिणीचा दुखणा पाण्यान जाणा नाय." होता होता चाळीची अशी सवय झाली की पहिले दहा दिवस आईचे. त्यात दुसऱ्या कोणी जायचंच नसतं, असं सगळ्यांनी धरून टाकलं. मी दहा वर्षांची असताना मुंबईत गोळीबारानंतर कर्फ्यू लागला तेव्हाही ती मागच्या जिन्यानं पलीकडच्या इमारतीत जाऊन एकीला न्हाऊ घालून आली होती. वडील तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, कर्फ्यू पोलिसांनी लावला, ती पोरगी काय त्यांना विचारून बाळंत झाली?

लालबागबाहेरची एकच बाई होती जिचं बाळंतपण आईनं केलं, आणि ते आमच्या घरात फक्त मला माहीत होतं.

ती आईच्याच गिरणीत दुसऱ्या खात्यात कामाला होती. साताऱ्याकडची, डिलाईल रोडच्या चाळीत राहणारी. तिची जात वेगळी, म्हणजे आम्ही जिच्या हातचं पाणी पीत नव्हतो ती. गिरणीत पिण्याच्या पाण्याची पिंपं वेगळी असत, पण पाळणाघरात जागा कमी, त्यामुळे पाळणे मात्र एकाला एक लागून. माझा धाकटा भाऊ तान्हा असताना त्याच्या शेजारच्या पाळण्यात तिचं पहिलं पोर होतं. दूध पाजायच्या सुट्टीत दोघी भिंतीला टेकून बसायच्या. तिथे ओळख झाली. पुढे तिला दुसरं मूल झालं तेव्हा तिच्याकडे गावाहून कोणी येऊ शकलं नाही. आई पाळी सुटली की करी रोडचा पूल ओलांडून तिच्याकडे जायला लागली. घरी सांगायची, ओव्हरटाइम आहे.

एकदा मीही बरोबर गेले. "मावशी म्हण हिका," आई म्हणाली. मी म्हटलं. मावशी पालथी पडली होती आणि आई तिची पाठ रगडत होती. रगडता रगडता शिकवतही होती. तिळाच्या तेलात लसूण, ओवा आणि थोडी मेथी घालून मंद आचेवर कसं कढवायचं, लसूण काळी व्हायच्या आत कसं उतरवायचं. त्या वासानं ती खोली भरली होती. काम झाल्यावर मावशीच्या नवऱ्यानं चहा केला आणि आईनं तो घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, सगळा. मी आ वासून बघत राहिले. माझी आत्या आमच्याकडे आली की खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्या जातीच्या बाईचा चहासुद्धा खिडकीतून ओतून टाकायची, आणि माझी आई इथे बशी चाटूनपुसून खाली ठेवत होती.

निघताना मावशी उठून बसली. "आक्का, तुज्या वक्ताला मी येनार," ती म्हणाली. "कोन नगं म्हनलं तरी येनार."

आई हसली. "माजी आता खयची बाळंतपणा! झाली ती झाली."

परतताना पुलावर आई म्हणाली, "घरी सांगू नको हां." मी नाही सांगितलं. अशा गोष्टीत मी मोठी विश्वासाची होते.

पुढच्याच वर्षी आईला दिवस गेले. आधीची दोन्ही बाळंतपणं तिच्या माहेरी, कोकणात झाली होती. पण त्या पावसाळ्यात आजी वारली आणि माहेर म्हणून जायचं तर फक्त एक बंद दार उरलं होतं. आईनं ते मनाला लावून घेतलं नाही, किंवा तसं दाखवलं नाही. पोट सांभाळत ती गिरणीत जात राहिली आणि मला म्हणायची, "कोणी नसला तरी ती येतली. तिच्या हाताक मी वळण दिलाय." ती खुशीत असली की हे हमखास म्हणायची. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतः आडवं पडून दुसऱ्या कोणाकडून अंग रगडून घ्यायचं होतं आणि त्याची ती वाट बघत होती.

निवडणुकीचे दिवस होते. मुंबई अजून द्वैभाषिकातच होती. संध्याकाळी लालबागच्या नाक्यावर सभा, सकाळी प्रभातफेऱ्या, भिंतीभिंतीवर चुन्यानं रंगवलेलं 'झालाच पाहिजे'. वडील गिरणीतून सुटले की थेट संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कचेरीत. घरी आले की त्यांचा आवाज बसलेला असायचा आणि डोळे चमकत असायचे. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, तो काळच असा होता की घराबाहेर फार मोठं काहीतरी चाललं आहे असं प्रत्येक पुरुषाला वाटत होतं. आई परळच्या इस्पितळात बाळंत झाली, मुलगी झाली, आणि चौथ्या दिवशी वडिलांनी तिला टॅक्सीनं घरी आणून सोडलं. मग बाळंतपणाची सोय म्हणून ते गिरगावातून आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आले आणि निर्धास्त होऊन सभेला गेले.

आत्या विधवा होती, कामसू होती, आणि तिच्या हाताला चव होती. अळिवाची खीर, सुंठ घातलेली कुळथाची पिठी, मऊ भात आणि तूप, डिंकाचे लाडू, कशाकशात तिनं कमी केलं नाही. पण सोयर फिटल्याशिवाय ती आईला शिवणार नव्हती. लग्न होऊन गेलेली, म्हणजे तिला आमचं सोयर नाही. ती समोरच्या खोलीत आपल्या गाववालीकडे राहायची, तिथेच स्वयंपाक करायची आणि आमच्या उंबऱ्यात उभी राहून वरून वाढायची. भांडं भांड्याला लागू द्यायची नाही. मग ते ताट मी पडद्यामागे आईकडे न्यायची. आईची खाट आत, मोरीच्या बाजूला, जुन्या लुगड्याच्या पडद्याआड होती. शेजारणी गॅलरीतूनच विचारून जात, "काय गो, बरी ना?" आत कोणी येईना. सोयर होतंच, आणि वर प्रत्येकजण म्हणे, तिला आपण काय शिकवणार, तीच एवढी जाणती. एकजण तर मला म्हणाली, "मी तेल लावूक गेलंय तर चुका काढीत बसतली." यात थोडं खरंही होतं.

घरी आल्याच्या पहिल्या दिवशी आईनं स्वतःच तेल घेतलं. पाय रगडले, हात रगडले, पोटाला लावलं, पट्टा बांधायला मला धरायला लावलं. मग बसून राहिली. म्हणाली, "सगळ्याक हात पोचता गो. पाठीक आपलो हात पोचणा नाय."

मी म्हटलं, मी करते. ती कुशीवर वळली. मी अंगठे ठेवले, तिनं शिकवल्याप्रमाणे मानेपासून निघाले, जीव खाऊन दाबलं. तिनं हात मागे आणून माझं मनगट धरलं. मग म्हणाली, "तुज्या हातात अजून वजन नाय, बाय. ऱ्हवांदे. ती येतली ना."

मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

मी दारात धाकट्या भावाला भात भरवत होते. गॅलरीच्या टोकाला पांढरं लुगडं दिसलं. आदल्या दसऱ्यानंतर तिच्या चाळीनं धम्म घेतला होता, घरातले देव काढून टाकले होते आणि बायका सणासुदीला पांढरं नेसायला लागल्या होत्या. आईकडे यायचं म्हणून ती आपलं चांगलं लुगडं नेसून आली होती. हातात फडक्यात गुंडाळलेली बाटली होती. आमच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. समोरच्या खोलीतून आत्या पुढे आली आणि मला कोपऱ्यात बोलावून विचारलं, "ती कोण गो? पांढरा नेसून बाळंतिणीच्या दारात?"

मी म्हटलं, आईच्या गिरणीतली.

"ऱ्हवता खय?"

"डिलाईल रोडला."

आत्याला पुढचं विचारावं लागलं नाही. "आत घेव नको," ती म्हणाली. "घरात देव आसत." देवांना त्या दिवसांत आमच्यापैकी कोणी हात लावत नव्हतं. सोयरामुळे त्यांची पूजा बंद होती, फुलं वाळून तशीच पडली होती. दहा दिवस आमचंच घर अख्ख्या मजल्याला चालत नव्हतं, आणि तेच घर एका बाईनं विटाळेल म्हणून आम्ही घाबरलो होतो. हे मला आज दिसतं. तेव्हा फक्त आत्याचा चेहरा दिसत होता.

मी दारात जाऊन उभी राहिले. खालून समितीची लॉरी चालली होती, कर्ण्यातून घोषणा चालू होत्या, त्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागलं. मी तिला मावशी म्हटलं नाही.

"आई झोपलीय."

"झोपू दे, झोपू दे," ती म्हणाली. "उटवू नगं. मी उद्या येती." आणि हसून, माझ्या गालाला हात लावायला पुढे केलेला हात तिनं गॅलरीतल्या बायकांकडे बघून मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. मी परत म्हटलं, झोपलीय.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा लॉरी नव्हती, भाऊ शेजारी खेळायला गेला होता, सगळी गॅलरी शांत होती. मी तोंड उघडलं तेवढ्यात आत बाळ रडलं आणि आईचा आवाज आला, "उगी, उगी, माजा बाय ता." स्पष्ट, जागा आवाज. मावशीनं माझ्याकडे बघितलं. आणि मी, तिच्या डोळ्यांत बघत, पुन्हा म्हटलं, "आई झोपलीय."

ती वाकली. बाटली उंबऱ्याच्या बाहेर खाली ठेवली, माझ्या हातात दिली नाही. म्हणाली, "बरं. आयला सांग, मी येऊन गेली. तीन दिस आल्ते म्हनावं." मग पदर सावरून गेली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला.

मी असं का केलं याची कारणं मी पुष्कळ जमवली आहेत. आत्यानं खोदून विचारलं असतं, तर आई तिच्या घरी जात होती, तिथला चहा पीत होती, हे सगळं बाहेर आलं असतं. मी आईचं गुपित सांभाळत होते. हे खोटं नाही. पण तेवढंच नाही. गॅलरीभर बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मला मावशीची लाज वाटली. जिच्या घरी मी माझ्या आईला इतकं मोकळं बघितलं होतं, तिची.

बाटली अजून कोमट होती. घरात नेली तर आई विचारेल, दारात ठेवली तर आत्या बघेल. मी ती गॅलरीच्या टोकाच्या मोरीत नेऊन ओतून टाकली. बाटली कचऱ्यात घातली, हात राखेनं तीनतीनदा धुतले. पण तेल पाण्याबरोबर पटकन जात नाही. ते मोरीच्या फरशीवर पसरून राहिलं आणि संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर त्याचा वास गॅलरीभर सुटला.

मी आईचं ताट घेऊन पडद्याआड गेले तेव्हा ती कोपरावर उठून बसली होती.

"कोणाकडे तेल कडयतत गो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही.

"लसूण आसा, ओवो आसा." तिनं डोळे मिटून वास घेतला. "मेथीपण घातली हा. लसूण जळाक नाय. बरोबर कडला हा." मग डोळे उघडून म्हणाली, "कोण बाळंत झाला?"

"वरच्या मजल्यावर कोणतरी," मी म्हटलं.

"बरा झाला. तिच्याकडे कोणतरी आसा म्हणायचा."

आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली. बटणं सुटी असल्यानं पोलकं खांद्यावरून घसरलं होतं, त्यामुळे अर्धी पाठ उघडी होती. मी ताट हातात घेऊन किती वेळ उभी होते आठवत नाही. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. त्यानंतर प्रत्येक दिवशी ते वाक्य जास्त जड होत गेलं.

बाळंत झाल्यापासून आठव्या दिवशी आई उठली. बाळाला न्हाऊ घालायला मी घाबरत होते, ते माझ्या हातून निसटेल असं मला वाटायचं. "आणि कितीक दिवस वाट बगू?" असं म्हणून तिनं चुलीवरचा पाण्याचा हंडा स्वतः उचलला. दुपारी तिच्या अंगावरून फार जायला लागलं, रात्रीपर्यंत ताप चढला. वडिलांना सभेतून बोलावून आणलं. त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचलून जिना उतरवला. सोयर फिटलं नव्हतं तरी त्या जिन्यात आत्यानं तिचे पाय धरले होते, हेही लिहिलं पाहिजे.

तीन आठवड्यांनी आई परत आली. आली म्हणायचं एवढंच. अंगात रक्त नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तेलानं रगडून घेतलं असतं तर हे टळलं असतं का? मला नाही वाटत. इतकी अडाणी मी नाही. पण मावशी रोज आली असती तर बाळाला तिनं न्हाऊ घातलं असतं आणि हंडा आईला उचलावा लागला नसता. एवढं सरळ गणित आहे, आणि ते मला कितीही उलटंसुलटं केलं तरी चुकत नाही.

बारसं सव्वा महिन्यानं झालं. सगळी चाळ आली. ज्यांच्या ज्यांच्या पाठी आईनं रगडल्या होत्या त्या सगळ्या टोपडी-झबली घेऊन आल्या, पाळण्यात बाळाआधी वरवंट्याचा गोप्या घातला, पाळणे म्हटले, घुगऱ्या खाल्ल्या. आई भिंतीला टेकून बसली होती आणि सारखी दाराकडे बघत होती. शेवटी तिनं मला जवळ बोलावलं.

"ती इली नाय ना गो?"

"नाही," मी म्हटलं.

"मदी कदी येवन गेली? मी इस्पितळात आसताना?"

"नाही."

"कामावर आसतली," आई म्हणाली. "तिका तरी खयची सुटका." आणि मग आवाज न करता, पदराच्या टोकानं बाळाचं तोंड पुसत राहिली. बाळाच्या तोंडाला काहीही लागलेलं नव्हतं.

ती पुन्हा गिरणीत गेली नाही. चाळीतल्या बाळंतिणींकडे जाणंही सुटलं, कारण उकिडवं बसलं की तिची कंबर उठू देत नसे. तिला कोणी बोलावीनासं झालं, आणि तिच्यावाचून पहिले दहा दिवस पुन्हा पूर्वीसारखे झाले. तिच्या तोंडाची धारही गेली, त्याचं मला सगळ्यात वाईट वाटायचं. एकदा वडील कचेरीतून आले आणि उत्साहानं सांगू लागले की डिलाईल रोडची माणसं आणि आमची माणसं एका किटलीतला चहा पितात, एका बाकावर बसतात, मराठी माणूस आता एक झाला. आई ऐकत होती. "बरा झाला," एवढंच म्हणाली. मी मात्र त्या रात्री रडले. वडिलांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, येऊ दे तिला. कदाचित म्हणाले नसतेही. पण मी विचारलं नव्हतं.

तीन वर्षं आई अशी राहिली. राज्य मिळणार हे पक्कं झालं होतं, नाक्यानाक्यावर कमानी उभ्या राहत होत्या, दिव्यांच्या माळा लागत होत्या, त्याच दिवसांत ती गेली. धाकटी तेव्हा तीन वर्षांची होती आणि खिडकीतून लाल-हिरवे दिवे बघून टाळ्या वाजवत होती.

तिसऱ्या दिवशी मावशी आली. पांढरंच लुगडं होतं, पण मयताच्या घरात पांढऱ्याला कोण हटकतं? आत्यानं तिला ओळखलंही नाही. स्वतः सरकून तिला सतरंजीवर जागा दिली, "बस बाय," म्हणाली. ज्या उंबऱ्यावर तीन दिवस मी तिला उभी ठेवली तो तिनं सहज ओलांडला. ती माझ्याजवळ येऊन बसली. मग हळू आवाजात तिनं मला विचारलं, "तुज्या आयला म्हाईत हुतं न्हवं, मी आल्ते ते?"

मी चौदा वर्षांची होते. खरं सांगायचं वय होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"हो, मावशी," मी म्हटलं. "त्याच दिवशी सांगितलं."

तिनं श्वास सोडला. "मग झालं. घरच्या मानसांचं मी मनावर घेतलं न्हाई. तिला ठावं हाय तर झालं, म्हनलं. वाटायचं, बरी झाली की बोलवंल. लई वाट बगितली."

आईही बघत होती. करी रोडच्या पुलाच्या दोन बाजूंना, पंधरा मिनिटांच्या वाटेवर, दोघी तीन वर्षं एकमेकींची वाट बघत बसल्या होत्या, आणि मधे मी होते. हे मी तिला सांगितलं नाही. मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, आई गेली म्हणून रडते.

मावशीनं मला जवळ ओढलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मग तिचे अंगठे माझ्या मानेशी आले, कण्याच्या दोन बाजूंना, आणि घाई न करता खाली येऊ लागले. कमरेशी आल्यावर तिनं तळहात पसरला आणि ती थांबली. तिच्या हातात वजन होतं. मी तिला थांबवलं नाही, आणि खरं काय तेही सांगितलं नाही.